द्वारकाबाईची पित्ताची पिशवी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, हात आवरा. गजर झाला, रंग भरला, आता कान मोकळे करा. आज मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. प्रश्न अगदी सोपा — उत्तर द्यायला मात्र छाती लागते!

सोसणं हा गुण आहे की रोग?

हं, बोला! पुढून आवाज आला — गुण! आणखी कोण? गुण! वा! पुढच्या चार रांगा एका सुरात म्हणतात, सोसणं हा गुण. आणि पुढच्या चार रांगांत एकही बाई नाही, हे मी बसल्या बसल्या मोजून घेतलंय हं!

मागं, खांबापलीकडं, माउल्या बसल्यात. तिकडून काहीच आवाज नाही. नुसता पदर सावरल्याचा आवाज आला. राहू द्या. तुमचं उत्तर मी शेवटी घेतो. तोवर एक गोष्ट ऐका. देवादिकांची नाही, राजाराणीची नाही. पोटातल्या एका पिशवीची गोष्ट आहे. हसू नका! पिशवी म्हणजे बाजाराची नव्हे, पित्ताची! लिव्हराच्या खाली एवढीशी लोंबत असते. चांगली असली तर माणसाला आयुष्यभर कळतही नाही की आपल्याला ती आहे. घरातल्या बाईसारखी! चाललंय तोवर कुणाचं लक्ष नाही, आणि थांबली — की सगळं घर आडवं!

तर प्रवरेच्या काठाला एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथं पुन्हा कीर्तनाला जायचंय. त्या गावात तुळशीराम गव्हाणे नावाचा गृहस्थ. माणूस सोन्यासारखा! गळ्यात माळ, कपाळी बुक्का, पंचक्रोशीत नाव. गावच्या सप्ताहाची सगळी जबाबदारी ह्याच्या डोक्यावर. कुणाचं लग्न असो, मयत असो, तुळशीराम पुढं. कुणी म्हणावं, 'अण्णा, जरा येता का?' की हा चपला शोधायच्या आधी निघालेला!

आणि त्याची बायको द्वारकाबाई. पन्नाशीची. तिच्या हाताची आमटी ज्यानं खाल्ली, तो दुसरीकडं जेवायला बसला की नुसता भात चिवडतो. सप्ताहाचा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली. घरी सासू राहीबाई, दोन म्हशी, येणारा-जाणारा, आणि तुळशीराम जोडून आणील ती जगभरची माणसं.

ह्या द्वारकाबाईच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडं, बरगडीच्या खाली. जेवण झालं की तासा-दीड तासानं कळ निघायची, ती पाठीत शिरायची, वर खांद्यापर्यंत चढायची. घाम फुटायचा. उलटी व्हायची. मग ती काय करायची? गोठ्यात जायची, म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहायची. कळ ओसरली की तोंड धुवून परत चुलीपुढं!

सासू विचारायची, "काय गं, तोंड का उतरलंय?"

"काही नाही आत्याबाई. पित्त झालंय."

नवरा विचारायचा — जाता जाता, एक पाय उंबऱ्याबाहेर — "बरंय ना?"

"बरंय."

मंडळी, ह्या 'बरंय' शब्दानं ह्या देशात जेवढी माणसं गेली असतील, तेवढी पटकीनं गेली नसतील!

गणपती उठायच्या दिवशी ती मोदकाच्या ताटापुढंच आडवी झाली. मग नेलं तालुक्याला. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला खमक्या. म्हणाल्या, "पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. एक-दोन नाहीत, पिशवी भरलीय. पिशवी काढावी लागेल. दुर्बिणीतून करू, चार छोटी भोकं. पंधरा दिवसांत या. आणि तेलकट-तुपकट बंद."

"पिशवी काढल्यावर चालतं का?" तुळशीरामनं विचारलं.

"चालतं. खडे घेऊन मात्र चालत नाही. एखादा खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल."

ऐकलं का? पंधरा दिवसांत! आता पुढं काय झालं बघा, आणि मला सांगा तुमच्या घरी वेगळं काय झालं असतं!

पंधरा दिवसांत आला पितृपंधरवडा. राहीबाई म्हणाली, "पितरांच्या दिवसात अंगाला सुरी लावायची? नको गं बाई!" बरं. मग आलं नवरात्र. घरात घट, द्वारकाबाईचे नऊ दिवसांचे उपास. मग? दिवाळी! सणासुदीला कोण दवाखान्यात जातं? बरं, दिवाळी झाली. कांद्याची लागवड! बाया कामाला सांगितलेल्या, त्यांच्या भाकरी कोण भाजणार? बरं, लागवड उरकली. माघात पुतणीचं लग्न! चुलती ऑपरेशन करून पडली तर रुखवत कोण बघणार? आणि लग्न झालं, मांडव उतरला, तेव्हा तुळशीराम म्हणाला, "आता चैत्रात सप्ताह तोंडावर आलाय. तेवढा होऊ दे. देवाचं काम आहे. मग निवांत करू."

निवांत! अहो, खडे निवांत होते का? पितर जेवून गेले, देवी उठली, नवरी सासरी गेली — द्वारकाबाईच्या पोटातले खडे मात्र आपल्या जागी पक्के! ह्या घरात प्रत्येकाला मुहूर्त होता, फक्त तिच्या पोटाला नव्हता!

आणि ती काय म्हणायची? तिला राग यायचा. आतल्या आत यायचा. पोळ्या लाटताना लाटणं जरा जोरात आपटायचं, एवढाच. तिला वाटायचं, ह्यांनी एकदा तरी आपणहून म्हणावं — सोड सगळं, चल! तो म्हणत नव्हता. आणि तीही म्हणत नव्हती. तो म्हणायचा, 'सप्ताहानंतर चालेल ना?' ती म्हणायची, 'चालेल.' तोंड म्हणायचं चालेल, पोट म्हणायचं चालणार नाही. ऐकू जातं तोंडाचं! पोटाला कुठं जीभ असते?

सप्ताह आला. काल्याचा दिवस उजाडला. मंडपात हे एवढे लोक! महाराजांचं कीर्तन रंगलेलं. महाराज कोण ते विचारू नका. मी नव्हतो, एवढं सांगतो. आणि महाराजांच्या बाजूला, गळ्यात वीणा घेऊन, उभा कोण? तुळशीराम! तुम्हाला माहीत आहे, सप्ताहात वीणा खाली टेकवायचा नाही. एकाच्या गळ्यातून निघाला की दुसऱ्याच्या गळ्यात गेला पाहिजे. आणि काल्याच्या कीर्तनाला वीणा धरायचा मान तुळशीरामचा. वर्षानुवर्षांचा.

महाराज रंगात येऊन सांगत होते — "स्त्री म्हणजे धरित्री! नांगर सोसते, ऊन सोसते, पण हूं की चूं करीत नाही, म्हणून तिला माता म्हणायचं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मागच्या तंबूत, आमटीच्या कढईपुढं, धरित्री पोट धरून खाली बसली होती!

ह्या वेळची कळ वेगळी होती. ओसरेना. अंगात हुडहुडी भरली. चैत्राचं ऊन, पुढ्यात भट्टी, आणि बाईला थंडी वाजतेय! बरोबरच्या बाया म्हणाल्या, "द्वारकाबाई, घरी जाऊन पड." तिनं मान हलवली. तिच्या मनात काय आलं असेल? तिनं नंतर स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "मला एकदम कळलं, की मी घरी जाऊन पडले तर संध्याकाळपर्यंत कुणी बघायला येणार नाही. कारण मी कधी कुणाला बोलावलंच नाही."

उठली. लुगड्याला हळद, हाताला तेल, केस कपाळाला चिकटलेले. वाकून, पोट दाबत, तंबूतून निघाली ती थेट मंडपात! बायकांच्या बाजूनं नाही हं — मधून! लोक बाजूला सरकायला लागले. महाराज बोलायचे थांबले. ती रंगमंचाच्या पायरीपाशी गेली, वर बघितलं आणि म्हणाली,

"अहो, मला दवाखान्यात न्या."

बास. एवढंच. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला स्वतःसाठी सांगितलेली ही पहिली गोष्ट!

तुळशीराम गांगरला. त्यानं तिच्याकडं बघितलं, वीण्याकडं बघितलं, समोरच्या लोकांकडं बघितलं. आणि काय म्हणाला असेल? सांगा!

म्हणाला, "कीर्तन संपू दे गं. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. वीणा गळ्यात आहे माझ्या."

हरी, हरी, हरी! काय करावं ह्या माणसाला! अहो, वीणा लाकडाचा आहे! फुटला तर दुसरा मिळेल!

पण मंडळी, तुळशीरामला शिव्या द्यायच्या आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवा. तुमच्या गळ्यात वीणा नसेल. मोबाईल असेल, दुकान असेल, इलेक्शन असेल. 'अर्धा तास थांब' हे आपण सगळ्यांनीच म्हटलंय.

 द्वारकाबाई पायरीवरच बसली. आणि तेवढ्यात बायकांच्या पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. राहीबाई! सासू! काठी टेकत आली. सुनेपुढं वाकली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं, डोळ्यांत बघितलं. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं!

म्हातारी ताठ झाली. म्हणाली, "माझी थोरली बहीण अशीच गेली. पित्त झालंय, पित्त झालंय म्हणत. डोळे असेच झालते." आणि पायऱ्या चढून लेकापुढं उभी राहिली. हात पुढं केले.

"दे इकडं."

"काय?"

"वीणा दे!"

मंडपात कुजबुज उठली. त्या गावात बाईनं वीणा धरायची रीत नव्हती. कमिटीतला एक जण पुढं झाला, "आजी, अहो, बाईमाणसानं वीणा—"

राहीबाई त्याच्याकडं वळली. "जा, देवाला इचारून ये. तवर मी धरते!"

  तुळशीरामनं वीणा काढला, आईच्या गळ्यात घातला, आणि बायकोला दोन्ही हातांनी उचलून मंडपातून नेलं. महाराजांचा धरित्रीचा दृष्टांत तिथंच अर्धा राहिला. बरं झालं!

तालुक्याला पोहोचले. त्याच डॉक्टरीणबाई. तपासलं, सुया टोचल्या, सलाईन लावलं, आणि बाहेर येऊन तुळशीरामला म्हणाल्या, "मी तुम्हाला गणपती झाल्यावर काय सांगितलं होतं?"

तो म्हणाला, "पंधरा दिवसांत या."

"आणि आता कोणता महिना आहे?"

"चैत्र."

"पिशवीत पू झालाय. पिवळेपणा चढलाय. नशीब समजा, खडा नळीतून आपला आपण खाली गेला. आता ऑपरेशन करता येणार नाही."

"का?"

"आत एवढी सूज आहे की काय कुठं आहे तेच दिसणार नाही. औषधांनी सूज उतरवायची, दीड महिना थांबायचं, मग काढायची."

बघा गंमत! आधी पिशवी तयार होती, तेव्हा माणसं म्हणत होती थांब. आता माणसं तयार झाली, तर पिशवी म्हणते — थांबा!

दीड महिना! दवाखान्यातून घरी आणलं. खायला मुगाचं वरण, भात, दुधी. फोडणी नाही, खोबरं नाही, दाणे नाहीत. आमटीत जिचा हात धरणारी तालुक्यात नाही, तिच्या पुढ्यात उकडलेला दुधी! ती म्हणाली, "ह्यापरीस खडे बरे होते!"

आणि त्याहून मोठा त्रास म्हणजे औषधं सांगणारे! आपल्याकडं आजारी माणसापुढं डॉक्टर एक आणि वैद्य गावभर. एक आला — कुळथाचं पाणी द्या, खडा विरघळतो. अरे बाबा, ते मूतखड्याला! हा पित्ताचा! त्याचं घर वेगळं, ह्याचं घर वेगळं! दुसरा आला — लिंबाच्या रसात वाटीभर तेल घालून प्या, खडे सकाळी पडतात. तिसरी आली — माझ्या मावसभावानं पिशवी काढली, तेव्हापासून त्याची वाचाच गेली. त्याची वाचा दारूनं गेली होती, ते नाही सांगितलं! द्वारकाबाई सगळ्यांना म्हणायची, "बरं, बघते." आणि भिंतीकडं तोंड करून दात खायची.

उरली ऑपरेशनची तारीख. तीही शेवटी आली! आदल्या रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं बजावून सांगितलेलं. सकाळी निघायच्या वेळी नणंद हजर — पारूबाई. माया फार, अक्कल बेताची. म्हणाली, "रिकाम्या पोटी माणूस ऑपरेशनला पाठवायचं का? तोंड बघा केवढंसं झालंय! घोटभर चहानं काय होतंय? आणि दोन खारी." द्वारकाबाई नको म्हणाली. पारूबाई म्हणाली, "माझा मान नाही ठेवायचा?" मग? ठेवला मान! दुसऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून स्वतःचं पोट मोडायला निघालेली बाई ती!

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही घेतलं का?" आता एवढं तरी बरं, की द्वारकाबाई खोटं बोलली नाही. "चहा. आणि खारी." झालं! ऑपरेशन रद्द. पोटात काही असताना भूल दिली तर ते उलटून श्वासात जातं, माणूस दगावतो. घरी जा. पुढच्या आठवड्यात या.

 घरी आल्यावर तुळशीराम बहिणीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "पारू, तू आता तुझ्या घरी जा." त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी घरातून जायला सांगितलं!

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. ह्या वेळी पोटात थेंब नाही. सकाळपासून खाटेवर. दहा वाजले, आत नेलं नाही. बारा झाले. तहान लागलेली, घसा कोरडा. दुपारी कळलं, अपघाताची केस आलीय, तरुण पोरगं आहे, आधी त्याला घेतलंय. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, डोळे सुजलेले, म्हणाल्या, "पोरगं वाचलं. पण आज तुमचं होणार नाही. आता मला सुरी धरवणार नाही. उद्या सकाळी या."

तुळशीराम पिशव्या उचलायला लागला. आणि द्वारकाबाई म्हणाली, "मी जात नाही."

"अगं, उद्या बोलावलंय. सकाळी येऊ."

"मी घरी गेले की म्हैस व्यायला होईल. नाहीतर कुणाचा दहावा निघेल. नाहीतर पारूबाई चहा घेऊन येतील! मी इथून हलायची नाही. ही खाट द्या, नाहीतर ह्या बाकड्यावर बसते. पिशवी इथं ठेवूनच मी घरी जाईन!"

डॉक्टरीणबाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा. म्हणाल्या, "खाट घ्या. उद्या पहिला नंबर तुमचा."

सकाळी नेलं. झालं ऑपरेशन. पिशवी निघाली, खडे निघाले, काळपट, हरभऱ्याएवढे. बाटलीत घालून तुळशीरामच्या हातात दिले. तो बघत राहिला. बाटली हलवली की खुळखुळ वाजायची. त्याला वाटलं, एवढे सगळे हिच्या पोटात होते, आणि मी हिच्या शेजारी बसून जेवत होतो.

ती शुद्धीवर आली. सिस्टरनं विचारलं, "मावशी, दुखतंय का?"

"नाही. बरंय."

ओठ दाबलेले, डोळ्यांतून पाणी, मूठ चादरीत रुतलेली — आणि म्हणते बरंय! सिस्टरनं कमरेवर हात ठेवले. "मावशी, मला ह्या वॉर्डात आणखी दहा पेशंट आहेत. खरं सांगाल तर इंजेक्शन देईन. खोटं सांगाल तर मी पुढच्या खाटेकडं जाईन, आणि तुम्ही इथं तळमळत राहाल. त्यानं कुणाचं भलं होणार आहे का? सांगा बरं. पुन्हा विचारते. दुखतंय का?"

द्वारकाबाईनं तुळशीरामकडं बघितलं. मग सिस्टरकडं. आणि म्हणाली, "दुखतंय. लई दुखतंय. खांदासुद्धा दुखतोय."

"शाब्बास!" सिस्टर म्हणाली, "तो खांदा हवेनं दुखतोय. दुर्बिणीला दिसावं म्हणून पोटात हवा भरतात, ती राहते थोडी. जाईल दोन दिवसांत." आणि इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत चादरीतली मूठ सुटली.

अहो, एवढ्यासाठी किती महिने घालवले! 'दुखतंय' म्हणायला काय लागलं? जीभ! फुकट मिळालेली!

घरी आली. आता खरी परीक्षा! बघायला येणारे! सकाळ नाही, दुपार नाही. "किती खडे निघाले?" "दाखवा बघू." "हे काहीच नाही, माझ्या चुलतीचे लिंबाएवढे होते." "ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा? डॉक्टर चुकला बरं का!" बाई टाके घेऊन पडलीय, कुशीवर वळता येत नाही, खोकला आला तर पोटाला उशी दाबून धरावी लागते, आणि हे तिच्या उशाशी बसून चिवड्याची फक्की मारतायत!

एका दुपारी पाच-सहा जणी आल्या. त्यांत पारूबाई पुन्हा हजर! राग विसरलेली, माया न विसरलेली. बसल्या. गप्पा झाल्या. मग पारूबाई म्हणते, "वहिनी, ऊठ गं जरा, चहा टाक. हिंडलं-फिरलं म्हणजे टाके लवकर सुकतात!"

आणि मंडळी, सवय बघा हो सवय! द्वारकाबाईचे पाय आपोआप खाली आले! ती उठायलाच निघाली! कळ आली, थांबली. पुन्हा पाय वर घेतले. आणि अगदी शांतपणे म्हणाली, "वन्सं, मला दुखतंय. मी उठणार नाही."

 असा शब्द त्या भिंतींनी ऐकलाच नव्हता!

तुळशीराम ओसरीवर होता. तो आत आला, कुणाकडं न बघता चुलीपुढं गेला. डबे उघडायला लागला. हा डबा, हळद. तो डबा, मीठ. तिसरा, तीळ. ज्या घरात जन्म घेतला त्या घरात ह्या माणसाला साखर सापडेना! विचारायची लाज वाटली. गूळ सापडला, तो टाकला. उकळत्या दुधाच्या चहात गूळ! माउल्या हसतायत — त्यांना कळलं काय झालं! फुटलं दूध! चोथा-पाणी वेगळं! आता ओतावा कुठं? तसाच कपांत घालून आणला. सगळ्यांनी घोट घेतला. तोंडं बघण्यासारखी! आणि पारूबाई काय म्हणाली?

"छान झालाय हो, दादा!"

द्वारकाबाईला हसू फुटलं. टाके ताणले, ती विव्हळायची आणि हसायची, विव्हळायची आणि हसायची. "वन्सं, अहो, एवढं तरी खरं बोला! दूध फुटलंय!" तुळशीरामनं स्वतः घोट घेतला, थुंकला, आणि म्हणाला, "फुटलंय. सगळ्यांनी ठेवा ते कप. आणि आता हिला झोपू द्या." बायका निघून गेल्या. त्यानं दार लावलं. मग दाराशीच उभा राहून म्हणाला, "मी त्या दिवशी अर्धा तास थांब म्हणालो."

ती म्हणाली, "म्हणालात."

'जाऊ द्या' नाही म्हणाली! 'काही हरकत नाही' नाही म्हणाली! म्हणालात, एवढंच. त्यानं मान खाली घातली. त्याला ते लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं. मग तो तिच्या पायाशी बसला. बराच वेळ बसला. एरवी दोन मिनिटं एका जागी न टिकणारा माणूस!

आता मंडळी, दिवस जात होते. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. द्वारकाबाई खाटेवर पडून घर बघायला लागली. चालत्या माणसाला घर दिसत नाही, त्याला कामं दिसतात. पडलेल्या माणसाला घर दिसतं. तिला काय दिसलं? सासू पेज घेऊन येते, ती वाटी स्टुलावर ठेवताना आधी डाव्या हातानं स्टूल चाचपते. दिवा लावताना काडी वातीच्या बाजूला धरते. डावीकडून कुणी आलं की दचकते.

द्वारकाबाईनं विचारलं, "आत्याबाई, डोळ्याला काय होतंय का तुमच्या?"

"मला काय धाड भरलीय? बरंय मला. तू पेज पी."

द्वारकाबाईनं वाटी बाजूला ठेवली. सासूचा हात धरला, खाटेवर बसवलं. "मी पण असंच म्हणायचे. आता खरं सांगा. मी बसलेय. मला कुठं जायचं नाही."

 म्हातारी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई गं. दिवाळीपास्नं. नुसतं पांढरं धुकं."

"दिवाळीपासून! आणि बोलला नाहीत?"

"कुणाला सांगू? तू दुखण्यानं खंगलेली. तो सप्ताहाच्या मागं."

द्वारकाबाईनं कपाळावर हात मारला! अहो, एका घरात तीन माणसं, एका ताटात जेवतात म्हटलं तरी चालेल, आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर उपकार म्हणून आंधळा व्हायला निघालाय! तिनं खाटेवरूनच हाक मारली, "अहो! उद्या गाडी सांगा. आत्याबाईंचा डोळा दाखवायचाय."

बाहेरून आवाज आला, "उद्या? उद्या कमिटीची मीटिंग—"

आणि आवाज थांबला. मंडळी, तो तिथं थांबला, ह्यातच सगळं आलं! मग म्हणाला,

"किती वाजता सांगू?"

डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता, पिकलेला. पट्टी सोडली तेव्हा राहीबाईनं पहिलं काय बघितलं? सुनेचं तोंड बघितलं. म्हणाली, "बाई गं, किती वाळलीस तू! मला दिसलंच न्हवतं."

बोला विठ्ठल! विठ्ठल, विठ्ठल!

आता माझा प्रश्न. सोसणं — गुण की रोग? दुसऱ्यासाठी घाम गाळणं, तहान मारणं, रात्र जागवणं, ह्याला मी नमस्कार करतो. पण दुखतंय ते दडवणं, आणि त्या दडवण्याला पुण्य म्हणणं? आणि दुसऱ्याचं दडवलेलं दिसत असून 'सोशीक आहे हो बिचारी' म्हणून टाळ्या वाजवणं? तो रोग आहे! आणि तो पिशवी काढून जात नाही!

म्हणून आज घरी गेल्यावर एक करा. देवापुढं नंतर बसा. आधी घरात जो कधीच कुरकुर करत नाही, त्याच्यापुढं बसा. विचारा — काय दुखतंय? तो म्हणेल, काही नाही. तिथून उठू नका! पहिलं उत्तर खोटं असतं. दुसरं उत्तर येईपर्यंत बसा. मग कितीही वेळ लागो.

आणि माउल्यांनो, तुमच्याकडं मी उत्तर मागणार होतो. आता मला नको. घरी जाऊन द्या, ज्याला द्यायचं त्याला.

आणि पुढच्या चार रांगा! तुम्ही कुठं निघालात? पंगतीला? थांबा की! मागच्या तंबूत सकाळपासून भट्टीपुढं उभ्या आहेत त्या कोण आहेत? त्यांना आधी इथं आणून बसवा. आज वाढायचं तुम्ही. पाणी तुम्ही आणायचं, पत्रावळी तुम्ही उचलायच्या. आणि कुणी म्हणाली, 'राहू द्या हो, आम्हाला सवय आहे' — तर तिच्या समोर बसा, आणि पुन्हा विचारा!